सोनेरी सोफा कुणाचा?

शेलूबाजार-मंगरूळपीर भागात आता निकाहच्या स्टेजवर एक वस्तू हमखास दिसते : सोनेरी सोफा. उंच पाठ, डोक्यावर शिंपल्याचा आकार, हाताशी सिंहाचे तोंड, लाल मखमल. डेकोरेशनवाला त्याला ‘महाराजा’ म्हणतो, आपली मंडळी ‘मुघली थाट’ म्हणून खूश होतात. पण मुघलांची बैठक गादी-तक्क्याची. त्यांचे तख्तसुद्धा मांडी घालून बसायचे. हा घाट विलायती आहे.

अठराव्या शतकात इंग्लंडच्या सरदारांना पॅलेडिओ या इटालियन वास्तुकाराचे वेड लागले. पॅलेडिओ (1508–1580) मुळात पाथरवटाच्या हाताखाली शिकलेला माणूस. त्याच्या धर्तीवर सरदारांनी हवेल्या बांधल्या आणि विल्यम केंटसारख्यांनी त्यांना शोभेल असे सामान आखले. लाकडावर शिंपले, गरुड, सिंहमुखे कोरायची, त्यावर खडू-सरसाचा लेप आणि लेपावर सोन्याचा वर्ख. खुर्च्या भिंतीला ओळीने लावून ठेवत. बसण्यापेक्षा पाहुण्याला दिपवणे हे त्यांचे मुख्य काम. (आपल्या स्टेजवरचा सोनेरी स्प्रेही तेच काम करतो, फक्त एका रात्रीपुरते.)

हा थाट आपल्या जवळ आला तो हैदराबादच्या कोठी भागात. 1803 च्या सुमारास रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिकने तिथे पॅलेडियन वळणाची रेसिडेन्सी उभारायला घेतली. समोर उंच खांब, पायऱ्यांशी दोन सिंह, आत झुंबरे आणि मोठमोठे आरसे. इमारत इंग्रजांची, खर्च निजामाचा! त्याच वर्षी डिसेंबरात देवगावचा तह झाला. नागपूरकर भोसल्यांनी वऱ्हाड सोडले आणि इंग्रजांनी ते निजामाच्या पदरात टाकले. म्हणजे रेसिडेन्सीचे खांब चढत होते तेव्हा वऱ्हाडच्या रयतेचा सारा हैदराबादच्या खजिन्यात जाऊ लागला होता. कोणत्या गावाचा रुपया कोणत्या झुंबराला लागला हे कुणी लिहून ठेवत नाही, पण खजिना एकच होता.

कर्कपॅट्रिकची बेगम खैरुन्निसा मात्र मागच्या जनान्यात राहायची. पडद्यामुळे तिला इमारतीचा दर्शनी भाग पाहता येईना, म्हणून त्याने बागेत तिची छोटी प्रतिकृती करवली, असे सांगतात.

पुढे निजाम सरकार कर्जात बुडाले. ते या खुर्च्यांमुळे नव्हे, मुख्यतः इंग्रजांच्या देखरेखीखालच्या कंटिन्जंट फौजेच्या खर्चापायी. त्या थकबाकीपोटी 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाले आणि 1902 मध्ये कायमच्या पट्ट्याने गेले. निजामाला निदान नाही म्हणायची मुभा नव्हती. आपल्याला कोण अडवते?

कुणी म्हणेल, गरिबाच्या पोरालाही एक दिवस राजा वाटू द्या की! वाटू द्या. माझी हरकत सोफ्यावर बसण्याला नाही, त्याचे बिल कोण देतो याला आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा ते मुलीचा बाप देतो. ‘फोटो चांगले आले पाहिजेत’ हे म्हणणे मुलाकडचे, आणि सोयाबीन विकून उरलेल्या पैशात ते बसवायचे मुलीकडच्यांनी. निकाहला इजाब-कबूल, दोन साक्षीदार आणि मेहर लागते. स्टेज कुठेच लागत नाही. वलीमा तर मुलाकडच्यांनीच द्यायचा असतो, तेव्हा सोफ्याची हौस असेल तर त्यांनी तो वलीम्याला मांडावा आणि स्वतःच्या खिशातून मांडावा. निकाह मशिदीच्या चटईवर पार पडू द्या. गावातल्या जाणत्यांनी एवढे जरी बैठकीत ठरवले, तरी दोन-चार बाप सावकाराच्या दारात जायचे वाचतील.

आज होते काय, तर सोफ्याचे भाडे आगाऊ आणि रोख मोजले जाते. मेहरचा आकडा विचारला की काझीसाहेबांना उत्तर मिळते, ‘उधार लिहा.’