डबा मेलेला नाही, त्याला फक्त नेट नाही

तुमच्या घरात एक डेस्कटॉप असेल, बघा आठवून. दादा अकरावीला गेला तेव्हा घेतलेला, नाहीतर बाबांच्या ऑफिसने जुने पीसी विकायला काढले त्यातला. आता त्याच्या मॉनिटरवर टॉवेल, सीपीयूवर इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा आणि कीबोर्ड माळ्यावर. विषय काढला की घरातून एकच उत्तर येतं, 'तो बंद आहे.' खरं सांगू? प्लग लावून बटण दाबा. खूपदा तो घरघर करत चालू होतो. बंद असतं ते त्याचं नेट.

हे असं झालं कसं, ते आठवा. काही वर्षांपूर्वी नेट टेलिफोनच्या वायरीतून घरी यायचं. मॉडेम पीसीच्या शेजारी आणि मॉडेममधून निघालेली वायर थेट पीसीत. नेट हवं तर पीसीसमोर बसायचं, आपला नंबर यायची वाट बघायची. मग फायबर आलं. जोडणी करायला आलेल्या माणसाने विचारलं, 'बॉक्स कुठे लावू?' घरातलं कुणीतरी म्हणालं, 'टीव्हीजवळ.' संपलं! फोनना वायफाय मिळालं, टीव्हीला मिळालं, आणि आतल्या खोलीतला पीसी तसाच राहिला. कारण फोन-लॅपटॉपमध्ये वायफाय आतच बसवलेलं असतं, जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुतेक वेळा नसतं. त्याला फक्त मागची लॅनची खाच माहीत. एका रात्रीत तो 'जुना' ठरला, आणि आपण फोनवर सगळं करायला लागलो.

माझं म्हणणं सरळ आहे. लॅपटॉपसाठी घरी हट्ट धरण्याआधी, त्याचा हप्ता आई-बाबांच्या डोक्यावर ठेवण्याआधी, त्या डब्याला वायफाय द्या. बऱ्यापैकी लॅपटॉप घ्यायचा तर चाळीस हजारांच्या आसपास जातात. डेस्कटॉपला लावायचा वायफाय अडॅप्टर चारशे ते हजार रुपयांत येतो. आणि पहिल्या दिवशी तर तोही लागत नाही, ते पुढे सांगते.

'पण फोनवर होतंच की सगळं!' होतं का? आमच्या वर्गातल्या एका मुलीने साठ पानांचा प्रोजेक्ट फोनवर टाइप केला. अंगठ्याने. तक्ते, तळटिपा, सगळं. एका खिडकीत मुलाखतीची ऑडिओ आणि दुसऱ्यात डॉक्युमेंट, हे तिला जमणारच नव्हतं, मग ती ऐकायची, थांबवायची, अ‍ॅप बदलायची, दोन ओळी लिहायची, परत जायची. तिच्या घरी पीसी होता. टॉवेलखाली. आणखी एकाची इंटर्नशिपची ऑनलाइन टेस्ट होती. लिंक उघडल्यावर त्याला कळलं की ती मोबाइलवर चालतच नाही, लॅपटॉप किंवा डेस्कटॉपच हवा. अशा टेस्ट आता खूप आहेत. वेबकॅम मागतात तो वेगळा घ्यावा लागतो, तेही खरं. पण टेस्टच्या अर्धा तास आधी मित्राच्या लॅपटॉपसाठी फोन फिरवत बसणं, हा काय प्रकार आहे?

फोन वाईट नाही. मी बातम्यांच्या नोंदी फोनवरच घेते. पण फोनवर आपण वाचतो, बघतो, उत्तर देतो. लांबलचक काही तयार करायचं, एक्सेलमध्ये चारशे ओळी बघायच्या, कोड लिहायचा, दोन पीडीएफ शेजारी ठेवून ताडून बघायच्या, हे सहा इंचांवर केलं की काम लहान होतं. आपण न कळत लहान उत्तरं लिहायला लागतो. मला याची जास्त भीती वाटते.

आणि असे डबे काही घरोघरी नाहीत. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातल्या ग्रामीण भागात जेमतेम ४.४ टक्के घरांत कॉम्प्युटर होता आणि शहरांत २३.४ टक्के. यात लॅपटॉप, टॅबलेटही धरलेले. म्हणजे ज्यांच्या घरी तो आहे ते नशीबवान, आणि त्यावर आपण कपडे वाळत घालतो!

वायरलेस म्हटलं की आपल्याला कॅफेत लॅपटॉप घेऊन बसलेलं कुणीतरी दिसतं. डेस्कटॉपला वायफाय म्हणजे बैलगाडीला एअरबॅग, असा एक सूर असतो. पण इतिहास उलटा आहे. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलोहानेट नावाचं नेटवर्क सुरू केलं. विद्यापीठाचे कॅम्पस वेगवेगळ्या बेटांवर, मुख्य कॉम्प्युटर ओआहू बेटावर, मधे समुद्र. त्यांनी टेलिफोनच्या वायरींऐवजी रेडिओ लहरी वापरल्या. तेव्हाचे कॉम्प्युटर काही बॅगेत घालून न्यायचे नव्हते. ते जागचे हलत नव्हते आणि वायर सोयीची नव्हती, म्हणून वायरलेस. तुमच्या आतल्या खोलीतल्या पीसीची अडचण नेमकी हीच आहे, फक्त समुद्राऐवजी मधे किचनची भिंत आहे.

आता करायचं काय. आधी सीपीयूच्या मागे बघा. पीसी तुलनेने नवा असेल तर मागच्या बाजूला अँटेना फिरवून बसवायचे दोन पितळी रंगाचे गोल दिसू शकतात. दिसले तर वायफाय आहेच, अँटेना कुठल्यातरी खोक्यात पडल्या असतील, त्या शोधा. नसतील तर फोन घ्या. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने पीसीला जोडा आणि सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉटच्या यादीत जाऊन यूएसबी टेदरिंग चालू करा. पीसीला नेट मिळालं. गंमत पुढे आहे. मोबाइल डेटा बंद करून फोन घरच्या वायफायवर ठेवलात, तरी बहुतेक अँड्रॉइड फोन तेच वायफाय केबलमधून पीसीला देतात. म्हणजे तुमच्याकडे फुकटचा वायफाय अडॅप्टर आधीपासूनच आहे, तुम्ही त्यावर रील्स बघताय. केबल मात्र डेटा नेणारी हवी. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंग करतात, आणि मग पीसीला फोन दिसत नाही म्हणून आपण पीसीला शिव्या घालतो. आयफोनवाल्यांना पीसीवर अ‍ॅपलचं सॉफ्टवेअर आधी टाकावं लागतं, आणि त्यातून मोबाइल डेटाच मिळतो, घरचं वायफाय नाही.

मोबाइल डेटावर हे करणार असाल तर एक सेटिंग आधी बदला. पीसीला वाटतं की आपल्याला वायरीचं, न संपणारं नेट मिळालंय, आणि तो महिन्यांचे साचलेले अपडेट ओढायला लागतो. दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा चहा होईपर्यंत गायब. विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' असा पर्याय आहे, तो चालू केला की तो जरा सबुरीने घेतो.

पण फोन कायम केबलला बांधून ठेवणं व्यवहार्य नाही. घरात एकच स्मार्टफोन असेल तर अजिबातच नाही, कारण तो सकाळी नऊला बाबांच्या खिशातून बाहेर पडतो. तिथे अडॅप्टर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, नाहीतर तुमच्या गावातला कॉम्प्युटर रिपेअरवाला. मागताना 'वायफाय अडॅप्टर' असंच म्हणा. नुसतं 'डोंगल' म्हणालात तर कुणी सिमकार्डवालं देईल, कुणी ब्लूटूथवालं. खोक्यावर मोठ्या अक्षरात १५०, ३००, ६०० असे आकडे असतात. तो वेग कागदावरचा, घरात त्याहून बराच कमी मिळतो. त्या आकड्यापेक्षा तो फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो की ५ वरही, हे विचारा. ५ वर वेग जास्त, पण भिंती ओलांडताना तो दमतो. २.४ लांब पोचतो, पण त्याच पट्ट्यात ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह आणि शेजाऱ्यांचे सगळे राउटर गर्दी करून असतात. चाळीत किंवा दाट सोसायटीत राहत असाल तर शे-दोनशे जास्त गेले तरी दोन्हीवर चालणारा घ्या.

मग येते खरी विनोदी अडचण. अडॅप्टर लावला, पीसी म्हणतो ड्रायव्हर हवा. ड्रायव्हर कुठे आहे? नेटवर. नेट कुठे आहे? ड्रायव्हरमध्ये. काही कंपन्या सोबत चिमुकली सीडी देतात, आणि पीसीचा सीडी ड्राइव्ह कधीच वारलेला असतो. इथे तो फोन पुन्हा कामाला येतो. टेदरिंगवर ड्रायव्हर उतरवून घ्या, मग फोन मोकळा.

अडॅप्टर कुठे लावता यावरही बरंच अवलंबून आहे. सगळे जण तो मागे खोचतात. मागे पत्र्याचा सीपीयू, त्याला चिकटून भिंत, टेबलाखालचा अंधार. सिग्नल येणार कुठून? समोरच्या खाचेत लावा, किंवा यूएसबीची लहानशी एक्स्टेंशन वायर घेऊन तो टेबलावर आणा. निळ्या रंगाच्या यूएसबी ३.० खाचेत लावून २.४ वर नेट अडखळत असेल तर काळ्या खाचेत लावून बघा. यूएसबी ३.० मुळे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना व्यत्यय येतो, हे इंटेलनेच २०१२ मध्ये कागदोपत्री मांडलंय. आणि राउटर त्याच खोलीत असेल तर हा सगळा खटाटोप सोडा, सरळ लॅन केबल टाका. शंभर मीटरपर्यंत ती निवांत चालते. भिंतीच्या कडेने वायर गेली म्हणून घराची शोभा जात नाही.

हॉस्टेल किंवा पीजीत डेस्कटॉप आणलेले काही शूर लोक असतात, त्यांचं दुखणं निराळं. वायफाय आहे, पण एका खोलीला दोनच डिव्हाइस. ऑफिसात मॅक अ‍ॅड्रेस नोंदवावा लागतो. अडॅप्टरचा मॅक अ‍ॅड्रेस त्याचा स्वतःचा असतो, आधी नोंदवलेला पीसीचा लॅनचा नंबर इथे चालत नाही, हे वॉर्डनला शांतपणे समजावून सांगा. दोनच डिव्हाइसचा नियम मात्र बदलायला हवा, आणि तो अर्ज सगळ्यांनी मिळून करावा. अभ्यासाचं मशीन आणि फोन यातून निवड करायला लावणं बरोबर नाही.

आता तुम्ही म्हणाल, जुना पीसी रडतो त्याचं काय? बरोबर आहे. पण हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की त्याच मशीनमध्ये जीव येतो, लॅपटॉपच्या तुलनेत खर्च किरकोळ. विंडोज १० चा प्रश्न जास्त गंभीर. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट थांबवला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, जे खूप जुन्या मशीनमध्ये नसतं. इतके दिवस नेट नसलेला पीसी पुन्हा नेटवर आणताना हे विसरू नका. सुरक्षा अपडेट नसलेल्या मशीनवर बँकेचे व्यवहार करू नयेत. लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून बघा, फुकट आहे आणि कॉलेजच्या बहुतेक कामांना पुरतं. मराठी टायपिंगही व्यवस्थित होतं.

एका बाबतीत मात्र मी हार मानते. जिथे दिवसातून चार-पाच तास लाइट जाते, तिथे डेस्कटॉप हे काही उत्तर नाही. साधा यूपीएस फाइल सेव्ह करण्यापुरता टिकतो, आणि लाइट गेली की राउटरही जातो. तिथे लॅपटॉपसाठी हट्ट धरणाऱ्यांच्या बाजूने मी आहे.

बाकीच्यांना एक सांगायचंय. लॅपटॉप कुणाचा असतो? शिकायला बाहेर पडणाऱ्याचा. तो पुण्याला जातो, लॅपटॉप त्याच्यासोबत जातो. मागे घरी बारावीतली बहीण असते, बचत गटाचा हिशेब वहीत ठेवणारी आई असते. त्यांच्यासाठी उरतो तो डबा, नेट नसलेला. 'तुला काय करायचाय कॉम्प्युटर?' हे बहिणीला अजून किती घरांत ऐकावं लागतं, तुम्हाला माहीत आहे. सीईटीचा फॉर्म भरायला ती नेट कॅफेत जाते, लॉगिनचा पासवर्ड तिथल्या माणसाला सांगते, आणि ओटीपी येतो बाबांच्या फोनवर. डेस्कटॉपची एक गोष्ट मला मनापासून आवडते. तो कुणाच्या बॅगेत जात नाही, घरात बसतो, सगळ्यांचा असतो.

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा बॅगेत अडॅप्टर टाका, ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन. टॉवेल काढा, कीबोर्ड माळ्यावरून उतरवा. आणि परत निघण्याआधी एक करा. वायफायचा पासवर्ड फक्त तुमच्या फोनमध्ये सेव्ह असेल, तर तो बहिणीला लिहून द्या आणि तुमच्या समोर तिलाच एकदा जोडायला सांगा. अडॅप्टर काढून परत लावायलाही. पुढच्या वेळी नेट गेलं तर तिने तुमच्या सुट्टीची वाट बघत बसायला नको.