फॅक्टरी सेटिंगला हात लावा

21 डिसेंबर 2020च्या संध्याकाळी आमच्या गच्चीवर चौदा माणसं होती. मास्क लावून, अंतर ठेवून (म्हणजे ठेवल्यासारखं करून) रांगेत उभी. गुरू आणि शनी त्या दिवशी आकाशात एकमेकांपासून जेमतेम 0.1 अंशावर आले होते. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा पाचवा भाग, तेवढंच अंतर. एकाच आयपीसमध्ये दोन्ही ग्रह मावणार होते. इतके जवळ ते याआधी 1623 मध्ये आले होते, आणि यानंतर येतील मार्च 2080 मध्ये. माझ्याकडे पहिल्या नोकरीच्या पगारातून घेतलेली, तीनच महिन्यांपूर्वी खोक्यातून निघालेली, 130 मिलिमीटर आरशाची दुर्बीण होती.

दिसलं काय? गुरूला एका बाजूने शेपूट फुटलेलं. शनी म्हणजे पाण्यात भिजून फुगलेला तांदळाचा दाणा. कडी नाहीच. शेजारच्या काकू "छान आहे हो" म्हणाल्या, आणि ज्या आवाजात म्हणाल्या तो आवाज मला अजून आठवतो. मुलांनी तेवढंही म्हटलं नाही.

ग्रह क्षितिजाजवळ होते, तिथली हवा गढूळ असते, हे मान्य. पण नजरेच्या मधोमध आणून ठेवलेल्या ग्रहाला हवा एकाच बाजूने शेपूट लावत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानाला फोन केला. पलीकडचा माणूस अगदी आपुलकीने म्हणाला, "ताई, सगळं फॅक्टरी सेटिंग असतं. मागच्या स्क्रूंना अजिबात हात लावू नका. वॉरंटी जाईल." मी आज्ञाधारक मुलगी. दहा महिने दुर्बीण कपाटावर, जुन्या चादरीखाली.

माझं भांडण त्या माणसाशी नाही, त्याच्या वाक्याशी आहे. कारण ते वाक्य एकट्या त्याचं नाही. नवीन दुर्बीण घेणाऱ्या जवळपास प्रत्येकाला ते कुणी ना कुणी ऐकवतं, आणि ते साफ चूक आहे. आरशाची दुर्बीण जुळवून पाहणं ही दुरुस्ती नव्हे, तो वापराचाच भाग आहे. गाणारा माणूस बैठकीआधी तंबोरा जुळवतो. "तंबोरा मिरजेहून जुळवून आलाय, खुंट्यांना हात लावू नका," असं त्याला कुणी सांगितलं तर तो काय म्हणेल? आणि आपण मात्र कारखान्यात जुळवलेले दोन आरसे जहाज, ट्रक आणि कुरिअरवाल्याची बाइक असा प्रवास करून येतात, आणि ते हललेच नसतील यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो.

थोडं आतलं सांगते. नळीच्या तळाशी मुख्य आरसा, अंतर्गोल. वर तोंडापाशी तिरपा बसवलेला छोटा सपाट आरसा, तो प्रकाश बाजूच्या आयपीसकडे वळवतो. न्यूटनने 1668 मध्ये केली तीच रचना. मुख्य आरसा बहुधा पॅराबोला आकाराचा असतो, आणि पॅराबोलाची खोड अशी की ताऱ्याचा नेमका ठिपका तो फक्त आपल्या अक्षाजवळच देतो. अक्षापासून दूर गेलात की ठिपक्याला शेपूट. ही स्वच्छ जागा किती मोठी, ते आरशाचं नाभीय अंतर त्याच्या व्यासाच्या किती पट आहे यावर ठरतं, आणि त्या पटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. आठ पट असेल तर ढोबळ हिशेबाने 11 मिलिमीटरचं वर्तुळ मिळतं. पाच पट असेल तर पावणेतीन मिलिमीटर. चार पट असेल तर दीड मिलिमीटरसुद्धा नाही.

आता नवशिक्यांना विकलं काय जातं बघा. आखूड नळी. खोकं लहान, वाहतूक स्वस्त, बाल्कनीत मावते. माझी पाच पटीची आहे. म्हणजे सगळ्यात नखरेल दुर्बीण सगळ्यात नवख्या माणसाच्या हातात द्यायची आणि वर सांगायचं, हात लावू नका! काही छोट्या दुर्बिणींत तर मुख्य आरसा जुळवायला स्क्रूच दिलेले नसतात. खोक्यावर मात्र पाचशे पट मोठं दिसेल म्हणून छापलेलं. पाचशे पट मोठं शेपूट दिसेल, हे खरंच आहे.

"हात लावू नका" यात सत्याचा एक कण आहे, तो नाकारत नाही. आरशाच्या तोंडाला हात लावू नका. त्यावरचा अॅल्युमिनियमचा थर साधारण 100 नॅनोमीटर जाडीचा असतो. शर्टाच्या टोकाने पुसलात तर कायमचे ओरखडे. थोडी धूळ बसली तर बसू द्या, तिने फारसं बिघडत नाही. पण स्क्रू आरशाच्या पाठीमागे असतात आणि ते फिरवण्यासाठीच दिलेले असतात. काच आणि स्क्रू यांतला हा फरक सांगायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट कुणी खर्च करत नाही.

दुसऱ्या टोकाला "लेझर घे ना" म्हणणारे. आपल्याकडे कुठल्याही प्रश्नाला आधी एक खरेदी सुचवली जाते. स्वस्तातला लेझर फोकसरमध्ये घालून गोल फिरवून बघा. आरशावरचा लाल ठिपका जागेवर न राहता वर्तुळ काढायला लागला, तर लेझरच वाकडा आहे. मग तुम्ही दुर्बीण वाकड्या पट्टीने आखताय.

मला लागली ती फिल्म रोलची रिकामी डबी. बाबांच्या कपाटात होती, वीसेक वर्षांपूर्वीची. सव्वा इंची फोकसरमध्ये ती बसते. झाकण काढलं, तळाशी बरोबर मधोमध बारीक भोक पाडलं आणि त्यातून डोळा लावला. ऑक्टोबर 2021, पावसाळा संपलेला, टेबलावर दुर्बीण आडवी. (आडवीच ठेवा. उभ्या नळीत वरून पाना निसटला तर थेट आरशावर.) भोकातून छोटा आरसा दिसतो, त्यात मुख्य आरशाचं प्रतिबिंब, त्यात पुन्हा छोट्या आरशाची काळी आकृती, आणि त्यात तुमचाच डोळा. माझ्या दुर्बिणीत यातलं काहीही कशाच्याही मध्यावर नव्हतं. मुख्य आरसा एका बाजूला चंद्रकोरीसारखा कापला गेला होता.

पहिल्या दिवशी मी सगळं आणखी बिघडवलं. छोट्या आरशाचा मधला स्क्रू इतका सैल केला की आरसा गर्रकन फिरून भिंतीकडे बघायला लागला. दोन तास गेले, आई जेवायला बोलावून थकली. पण बिघडलं म्हणजे काय, तर तेच स्क्रू पुन्हा फिरवायचे! तुटलं काहीच नाही. आधी छोटा आरसा, फोकसरखाली गोल आणि मध्यावर, त्यात मुख्य आरशाच्या तिन्ही क्लिपा दिसेपर्यंत. मग मुख्य आरशाच्या मागचे तीन स्क्रू, एका वेळी पाव फेरा. मुख्य आरशाच्या मध्यावर खूण नव्हती. तो काढून, त्याच्या मापाचा कागद दोनदा दुमडून मध्य शोधला आणि फाइलच्या कागदांना भोकाभोवती चिकटवतात तशी रिंग लावली. तिथे छोट्या आरशाची सावलीच पडते, त्यामुळे नुकसान शून्य. आखूड नळीत छोट्या आरशाची काळी आकृती थोडी एका बाजूला सरकलेली राहते, तिच्यामागे लागू नका; मी एक अख्खा रविवार लागले होते.

शेवटची परीक्षा ताऱ्यावर. ध्रुव सोयीचा, कारण तो सरकत नाही. पण आपल्याकडे तो क्षितिजापासून अठरा-एकोणीस अंशच वर, म्हणजे माझ्या गच्चीवरून समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे. मग अभिजित घेतला. दुर्बीण तासभर बाहेर ठेवून आरसा थंड केला. जास्त पॉवरचा आयपीस लावून तारा मधोमध ठेवला, फोकस किंचित बिघडवला. कडी दिसतात, पाण्यात खडा टाकल्यासारखी. ती एका बाजूला दाटलेली होती. पाव फेरा, तारा पुन्हा मध्यावर, पुन्हा बघा. असं सहा-सात वेळा. कडी एकाच केंद्राभोवती आली, तेव्हा नळी शनीकडे वळवली. कडं आणि ग्रह यांच्यामध्ये काळं आकाश होतं. बाजूला टायटन. तीच दुर्बीण, तोच आरसा, खर्च शून्य रुपये. मला आनंद झाला, पण त्याआधी प्रचंड राग आला.

"कारखान्यात तपासलेलं असतं" म्हणणाऱ्यांना हबल आठवत असेल. 2.4 मीटरचा आरसा, एप्रिल 1990 मध्ये अवकाशात गेला आणि चित्रं धूसर आली. आरसा घासताना तपासायचं जे उपकरण होतं त्यातलंच एक भिंग 1.3 मिलिमीटर चुकीच्या जागी बसवलेलं, म्हणून आरशाची कड सुमारे 2 मायक्रॉन जास्त सपाट झाली. दुसऱ्या, साध्या चाचण्यांनी दोष दाखवला होता. पण मोठ्या उपकरणावर विश्वास ठेवून त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं गेलं. दुरुस्तीला डिसेंबर 1993 उजाडला. जेम्स वेबच्या वेळी मुळातच वर गेल्यावर जुळवायचं ठरलं होतं. 18 तुकड्यांचा आरसा, तुकडे हलवायला मोटरी. 2022च्या फेब्रुवारीत एका ताऱ्याचे 18 ठिपके दिसत होते, आणि ते एकावर एक आणायला कित्येक आठवडे लागले. त्यांच्यापैकी कुणी वॉरंटीचं नाव काढलं नसावं.

आणि काच म्हणजे काही देव नाही. पुण्यात आयुकाच्या कार्यशाळांमध्ये हौशी माणसांनी हाताने काच काचेवर घासून आरसे केलेत, त्यांच्या दुर्बिणी बनवल्यात. आरसा घासणारे हात आपल्याकडे आहेत आणि तीन स्क्रू फिरवायला आपण घाबरतो. ही भीती दुकानात नाही, त्याच्या खूप आधी शिकवली जाते. मी शिकले त्या शाळेत एक दुर्बीण होती. ऑफिसातल्या स्टीलच्या कपाटात, वर मखमली कापड. विज्ञान प्रदर्शनाला बाहेर यायची, टेबलावर दिवसाउजेडी उभी राहायची, "स्पर्श करू नये" अशी पाटी लावून. सात वर्षांत तिच्यातून एकही तारा कुणी पाहिलेला मला माहीत नाही. बिघडली नाही म्हणून सगळे समाधानी.

गेल्या जानेवारीत मी त्या शाळेत गेले. म्हटलं, सर, आरसे जुळवून देते, पैसे नकोत, नववीच्या मुलींना सोबत बसू द्या, त्यांच्याच हातांनी करू. सर चांगले आहेत, चहा मागवला. मग म्हणाले, "अगं, पण काही झालं तर जबाबदारी कोणाची?" मी म्हटलं, माझी, लिहून देते. तिथेच कागद मागून लिहून दिलं, खाली सही, मोबाइल नंबर. तो कागद आता कपाटाच्या चावीसोबत ड्रॉवरमध्ये आहे, असं शिपाईकाकांनी परवा फोनवर सांगितलं. पुढच्या सोमवारी मी परत जाणार आहे. डबी, पाना आणि कागदाच्या रिंगांचं पाकीट पिशवीत भरून ठेवलंय.