वाचून झालं, पण आठवतं का?

अभ्यास म्हणजे वाचन आणि चांगला अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा वाचन, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की दहावीचं अख्खं वर्ष तिच्यावरच बेतलं जातं. आधी पोर्शन पुरा करायचा, मग पहिली रिव्हिजन, दुसरी रिव्हिजन, आणि पेपरच्या आदल्या रात्री हायलायटरने पिवळ्या केलेल्या ओळींवरून शेवटची नजर. लिहायचं ते थेट परीक्षेत, फार तर पूर्वपरीक्षेत. माझ्या मते हा क्रमच चुकलेला आहे. पुस्तक मिटून, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर उतरवणं हा अभ्यासाचा गाभा आहे. वाचन ही त्याची पूर्वतयारी.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा 2006 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे विचारात घेण्याजोगा आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा दिला. एका गटाने चारही सत्रं तो वाचण्यातच घालवली. सरासरी 14 वेळा वाचून झाला. दुसऱ्या गटाने फक्त पहिल्या सत्रात तीन-चारदा वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते: त्यांना 83 टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना 71. आठवड्यानंतर मात्र वाचणारे 40 टक्क्यांवर आले आणि लिहिणारे 61 वर राहिले. मला सर्वांत बोलका वाटतो तो वेगळाच तपशील: हे आपल्या चांगलं लक्षात राहील, याची खात्री वाचणाऱ्या गटालाच जास्त होती.

या खोट्या खात्रीत आपल्या मुलांचे बरेच गुण बुडतात. भूमितीतलं प्रमाणाचं मूलभूत प्रमेय पुस्तकात वाचताना प्रत्येक पायरी सरळ वाटते, कारण पुढची पायरी डोळ्यांसमोर छापलेली असते. ओळखीचं वाटणं आणि स्वतःहून आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उत्तरपत्रिकेला दुसरीच लागते. मग ‘येत होतं, पण ऐनवेळी सुचलं नाही’ ही तक्रार येते. बहुतेक वेळा ते येत नव्हतंच, नुसतं ओळखीचं होतं. पुस्तक मिटून प्रमेय लिहायला बसलं की तिसऱ्या पायरीवर घोडं अडतं आणि नेमकं काय येत नाही ते उघड होतं. तेवढंच पुन्हा पाहायचं आणि काही दिवस जाऊ देऊन परत लिहायचं.

ही तर घोकंपट्टीच झाली, असा पहिला आक्षेप येईल. घोकंपट्टीवरची टीका रास्त आहे, पण ती इथे लागू पडत नाही. घोकणारा समोरच्या ओळी तोंडाने फिरवत राहतो. आठवून लिहिणाऱ्याला मुद्द्यांची साखळी स्वतः जुळवावी लागते. कार्पिके आणि जॅनेल ब्लंट यांनी 2011 साली आठवून लिहिण्याची तुलना संकल्पना-नकाशे काढण्याशी केली, तेव्हा निष्कर्ष काढायला लावणाऱ्या प्रश्नांतही आठवून लिहिणारेच सरस ठरले. जुन्या घरांतून तिन्हीसांजेला चालणाऱ्या परवचाला आपण घोकंपट्टी म्हणून मोडीत काढलं. त्यात अर्थाकडे दुर्लक्ष होई हे खरंच. पण पुस्तकाविना आणि रोज थोडं, हे त्यातलं चांगलंही आपण त्यासोबत टाकून दिलं.

आदल्या रात्रीच्या वाचनाने पेपर निघतो, हा अनुभव बऱ्याच जणांचा असेल, आणि वरचे पाच मिनिटांनंतरचे आकडे त्याला दुजोराच देतात. म्हणून तर ही सवय सुटत नाही. पण बोर्डाला वर्षभराचा सगळ्या विषयांचा अभ्यास लागतो; एका रात्रीत किती विषय वाचणार? क्लासवाले म्हणतील, आमच्याकडे टेस्ट सिरीज असतेच. असते, पण बऱ्याचदा तिचा उपयोग क्रमांक लावण्यापुरता होतो. गुण घरी कळवले जातात, पेपर दप्तरात जातो आणि चुकलेलं उत्तर कुणी पुन्हा लिहीत नाही. चाचण्यांनी मुलांवर ताण येतो, हा आक्षेपही खरं तर अशा गुणांच्या चाचण्यांवर आहे. शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणं थांबवलं होतं, चाचणी घेणं नव्हे. आपल्या वादांत हा फरक हरवला. घरी पाठकोऱ्या कागदावर लिहिलेल्या उत्तराला गुण नसतात, ते कुणाला दाखवायचं नसतं आणि त्याला फीही पडत नाही.

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. ज्याला धडाच कळलेला नाही, त्याच्यापुढे कोरा कागद ठेवून काही साधणार नाही. त्याला आधी नीट शिकवायला हवं. त्यासाठी शाळांनी तासाची शेवटची पाच-दहा मिनिटं वह्या-पुस्तकं बंद करून लिहायला द्यावीत आणि ते कागद नोंदवहीत न चढवता नुसते वाचावेत. कुणाला काय कळलं नाही, हे मग निकालाची वाट न पाहता ऑगस्टमध्येच कळेल आणि तो धडा पुन्हा शिकवायला हातात वेळही असेल.