संपलेला डाव पुन्हा मांडताना

आपल्या जुन्या बैठ्या खेळांत एक नियम सर्वांस सारखाच लागू असे. डाव संपला म्हणजे सोंगट्या पुन्हा आरंभीच्या घरी जात. मोक्षपटाचेच उदाहरण घ्यावे. ज्या ज्ञानेश्वरांनी आपल्याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, त्यांच्या नावाशी परंपरा हा खेळ जोडते. त्या पटावर कालचा विजेता आज सर्वांबरोबर पहिल्याच घरात उभा राहतो. काल चढलेली शिडी आज त्याच्या उपयोगी पडत नाही.

हल्लीच्या व्हिडिओ गेमांत, विशेषतः एखाद्या वीराची भूमिका घेऊन दीर्घ कथानकातून प्रवास करावयाच्या खेळांत, हा नियम पालटला आहे. कथा एकवार तडीस नेली की, मिळविलेले बळ व शस्त्रे बरोबर घेऊन ती आरंभापासून पुन्हा खेळता येते. या सोयीस 'न्यू गेम प्लस' म्हणतात. हे नाव १९९५ साली जपानातील स्क्वेअर कंपनीच्या 'क्रोनो ट्रिगर' या खेळाने रूढ केले. हा दुसरा डाव कोणत्या रीतीने खेळावा, याविषयी आमच्या विद्यार्थ्यांत वाद होतात. वरवर पाहता प्रश्न क्षुल्लक आहे. तथापि तो विचारास योग्य आहे असे आम्हांस वाटते.

रीती मुख्यतः तीन आहेत. पहिलीत शिदोरी बरोबर असते, परंतु शत्रू पूर्वीचेच असतात. 'क्रोनो ट्रिगर' मधील दुसरा डाव असा आहे. पूर्वी ज्याने घाम फोडला, तो शत्रू आता पाहता पाहता लोळतो. या रीतीस एक सार्थ उपयोग आहे. तेथे अंतिम शत्रूस कथेच्या निरनिराळ्या टप्प्यांवर गाठता येते आणि त्याप्रमाणे दहांहून अधिक निराळे शेवट पाहावयास मिळतात. ज्यास कथेच्या सर्व वाटा पाहावयाच्या असतील, त्याने ही रीत खुशाल स्वीकारावी. मात्र तीस पराक्रम म्हणू नये.

दुसऱ्या रीतीत शिदोरी बरोबर असते, पण शत्रूही अधिक बलवान होऊन येतात. २०११ सालच्या 'डार्क सोल्स' मध्ये व २०१५ सालच्या 'द विचर ३' मध्ये असे घडते. 'विचर' मध्ये तर जमविलेले खेळावयाचे पत्ते मागेच राहतात. ते पुन्हा जिंकावे लागतात.

तिसरी रीत रिकाम्या हातांची. १९८६ सालच्या 'द लेजेंड ऑफ झेल्डा' या खेळात कथा संपल्यावर दुसरी मोहीम उघडते. तीत जुने शस्त्र एकही मिळत नाही आणि भुयारांची रचनाही बदललेली असते. खेळाडूजवळ उरतो तो केवळ धीर, हाताची सवय आणि शत्रूची चाल ओळखणारी नजर.

आमचे मत दुसऱ्या रीतीच्या बाजूचे आहे. कमावलेल्या बळास त्याच्या तोलाचे काम मिळाले पाहिजे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायातील दृष्टांतात, धन्याचे द्रव्य वाढविणाऱ्या दासास बक्षीस म्हणून विश्रांती मिळाली नाही. अधिक मोठा कारभार मिळाला. तिसरी रीतही अधूनमधून अवश्य आजमावावी. विजय आपला होता की तलवारीचा होता, हे तिच्यावाचून कळत नाही.

हीच निवड पालकांसही करावी लागते. पुढील इयत्तेची सारी पुस्तके सुटीतच शिकवणीत संपवून मुलास नव्या वर्गात बसविणे, ही पहिली रीत होय. असा मुलगा आरंभी प्रत्येक प्रश्नास हात वर करतो व घरच्यांस धन्यता वाटते. परंतु वर्गातील धडा त्यास शिळा लागतो. नव्या गणिताशी झटापट करून ते सुटल्याचा आनंद त्याच्या वाट्यास येत नाही. आणि खरोखर अवघड गणित समोर येते, तेव्हा अडून बसल्यावर काय करावे, हेच त्यास ठाऊक नसते. मागील इयत्तेचे कच्चे राहिलेले पक्के करून घेणे ही गोष्ट निराळी. ती शिदोरी होय, आणि ती अवश्य बांधून द्यावी. पुढचा शत्रू मात्र मुलासाठी आधीच मारून ठेवू नये.

जाता जाता एक व्यावहारिक सूचना. दुसरा डाव म्हणजे पुन्हा अनेक तास खर्ची पडणे, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. वेळेची मर्यादा आधी ठरवावी, मग डाव मांडावा. आणि पालकांनी 'बंद कर' एवढेच न म्हणता, 'कोणती रीत निवडलीस, व का?' असे एकदा मुलास विचारावे. या प्रश्नाचे जो नीट उत्तर देऊ शकतो, त्याचा तो वेळ सर्वस्वी व्यर्थ गेला असे म्हणता येणार नाही.