ठसा चामड्याचा, बट्टा आमचा

दोस्तहो, माझ्या बॅगेची कातडी सोलून निघतेय. हसू नका. ही गोष्ट बॅगेची नाही, तुमच्या-माझ्या कातडीची आहे.

पहिल्या पगारातनं पुण्यात घेतलेली बॅग. आत सोनेरी ठसा : 'जेन्युइन लेदर'. दुकानदार म्हणाला, ''वास घ्या साहेब, अस्सल आहे.'' साहेब! काटेवाडीच्या चांभाराच्या नातवाला हा चामड्याचा वास शिकवत होता! ज्या वासापायी माझ्या आज्ज्याशी माणसं चार हात लांबून बोलायची, त्याच वासाचे मी रोख अठराशे मोजले.

दोन पावसाळ्यांत खपल्या सुटल्या. पांढऱ्या शर्टावर काळे पापुद्रे. पण बॅग जिवाभावाची, टाकवेना. गावाकडं आलो तेव्हा बारामतीच्या स्टँडाजवळ छत्री लावून बसणाऱ्या तात्यांकडं नेली. त्यांनी एकदा आरी घातली नि काढून घेतली. ''पोरा, शिवू कुठं? हे कातडं न्हाय, कातड्याचा भुगा हाय.''

खरंच भुगा. चामडं कापता-तासताना उरलेल्या चिंध्या दळायच्या, चिकट रसायनात कालवून पातळ थर लाटायचा, कापडावर चिकटवायचा, वर पॉलियुरेथेनचा पापुद्रा चढवायचा आणि छाप्यानं कातडीच्या रेघा उमटवायच्या. याचं नाव बॉन्डेड लेदर. अस्सल कातडीचे तंतू एकमेकांत गुंतलेले, म्हणून टाका धरतो. इथं ते आधीच दळलेले. ओल नि घाम लागला की पापुद्रा सुटतो, सुई घातली की ओळीनं फाटतो. वरनं डिंक लावा, रंग फासा, सगळं चार दिवसांचं.

आता आज्ज्याची मोट आठवा. इंजिनं यायच्या आधी या मुलखात विहिरीचं पाणी मोटेनं निघायचं. मोट चामड्याची. ढोरानं बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं, चांभारानं शिवलेली मोट. ती दिवसभर विहिरीत बुडायची, पाणी बाटत नव्हतं. शिवणाऱ्यानं पोहरा टाकला की विहीर बाटत होती! आमचं काम चालत होतं, आमचा हात चालत नव्हता.

जुन्या गोष्टी म्हणता? जुलै २०१६. गुजरातेत उना तालुक्यात मेलेल्या गाईचं कातडं काढलं म्हणून दलित पोरांना उघडं करून, गाडीला बांधून मारलं. जून २०२५. मिलानमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. ओरड झाली तेव्हा कबुली आली. कातडं सोललं तर फटके, कातड्याचा तोरा मिरवला तर टाळ्या. हा कुठला न्याय?

कुणी शहाणा म्हणेल, मग बसा की परत रापी-आरी घेऊन! नाही बसणार. बाबासाहेबांनी लादलेले धंदे झुगारायला शिकवलं, ते विसरायला नाही. पण नीट ऐका : सक्ती त्यांची होती, कसब आमचं आहे. सक्ती फेकली. कसब का फेकू? ते शिकायचं असेल त्यानं शिकावं, बामणाच्या पोरानंही शिकावं, आणि करणाऱ्याला इंजिनियरासारखा दाम मिळावा.

तात्यांनी खपल्या खरवडल्या. कुजके पट्टे कापले. आतून जाड कॅनव्हासची पट्टी लावली, अस्सल चामड्याचे नवे पट्टे तिच्यावर शिवले, म्हणजे भार कॅनव्हासवर, भुग्यावर नाही. झिजल्या कोपऱ्यांवर चामड्याचे तुकडे बसवले. मेण लावलेला दोरा, एकेक टाका ओढून. दोन तास. मागितले दोनशे.

आणि माझ्या तोंडून निघालं, ''तात्या, जास्त होतात.''

तात्या काही बोलले नाहीत. नुसतं त्या सोनेरी ठशाकडं बोट केलं. ठशाला अठराशे मोजताना माझी जीभ हलली नव्हती. कष्टाला दोनशे देताना हलली. आज्ज्याच्या नातवाची! दुकानदाराला शिव्या घालतो मी, पण त्याचाच तराजू माझ्या डोक्यात बसलाय.

दोनशे दिले. मग तात्यांची रापी मागून घेतली नि तो ठसा माझ्या हातानं खरवडून काढला.

दोस्तहो, मोर्चातनं घरी जाताना तुमची चप्पल तुटेल. शिवणाऱ्यासमोर उभे राहाल. तेव्हा घासाघीस कराल, तर घोषणा घशातच ठेवा.