आवर्तसारणी पाठ करण्याआधी पत्त्यांचा एक डाव



दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. चौथीत माझ्या वर्गात होता, आता दहावीला आहे. "बाई, पहिली वीस मूलद्रव्यं म्हणून दाखवू?" असं म्हणून त्याने हायड्रोजनपासून कॅल्शिअमपर्यंत एका दमात म्हणून दाखवली. कौतुक वाटलं. मग मी सहज विचारलं, "पोटॅशिअम सोडिअमच्या खालीच का लिहितात रे?" तो थोडा थांबला आणि म्हणाला, "पुस्तकात तसं आहे म्हणून."

खरं सांगते, मला त्याचा नाही, माझाच राग आला. चौथीत मी त्याच्याकडून पाढे, राजधान्या, सगळं पाठ करून घेतलं. वस्तूंची मांडणी करायला, आणि ती तशीच का केली हे सांगायला मात्र शिकवलं नाही. आवर्तसारणी दहावीच्या पुस्तकात येते हे खरं, पण तिची तयारी प्राथमिक शाळेतच व्हायला हवी, असं माझं मत आहे.

यंदा पाचवीच्या वर्गात मी एक प्रयोग केला. पत्त्यांचा कॅट नेला आणि मुलांना न सांगता त्यातून किलवरची सत्ती काढून ठेवली. गट पाडले आणि सांगितलं, "फरशीवर चार आडव्या ओळी करा. एका ओळीत एकच रंग, आणि सारख्या आकड्याचे पत्ते एकमेकांखाली." एका गटाने दोन मिनिटांत ओरडून सांगितलं, "बाई, किलवरची सत्ती नाही!" न पाहिलेल्या पत्त्याचं वर्णन त्यांना करता आलं, कारण त्याचे शेजारी समोर होते.

दुसऱ्या गटाने काय केलं? मोकळी जागा बरी दिसेना, म्हणून पुढचे पत्ते डावीकडे सरकवून ती बुजवली. मग सत्तीखाली अठ्ठी आली, राणीखाली राजा आला, सगळाच घोळ!

आता पाहा, रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांच्यापुढे 1869 साली नेमका हाच प्रश्न होता. तेव्हा 63 मूलद्रव्ये माहीत होती. त्यांनी ती अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडली, तेव्हा ठरावीक अंतराने सारखे गुणधर्म परत येताना दिसले. तबल्याचं आवर्तन पूर्ण होऊन पुन्हा समेवर यावं तसं! 'आवर्त' हा शब्द त्यासाठी किती योग्य आहे पाहा.

पण जस्तानंतर माहीत असलेलं पुढचं मूलद्रव्य होतं आर्सेनिक. क्रमाने ठेवलं असतं, तर ते ॲल्युमिनिअमच्या खाली आलं असतं. गुणधर्म मात्र फॉस्फरसशी जुळत होते. मेंडेलीव्हने आर्सेनिक फॉस्फरसच्या खाली ठेवलं आणि मधल्या दोन जागा मोकळ्या सोडल्या. माझ्या दुसऱ्या गटासारख्या बुजवल्या नाहीत!

त्या जागांवरच्या मूलद्रव्यांना त्याने नावं दिली एका-ॲल्युमिनिअम आणि एका-सिलिकॉन. हा 'एका' म्हणजे संस्कृतमधला आपला 'एक', ॲल्युमिनिअमच्या खालचं एक घर. 1875 साली फ्रान्समध्ये गॅलिअम सापडलं, तेच एका-ॲल्युमिनिअम. शोधणाऱ्या शास्त्रज्ञाने घनता मोजली 4.7. मेंडेलीव्हने कळवलं की ती 5.9 च्या आसपास असायला हवी, नमुना पुन्हा शुद्ध करून पाहा. पुन्हा मोजली तेव्हा 5.9 आली. ज्याने धातू डोळ्यांनी पाहिला नव्हता, त्याने तो हातात असलेल्याची चूक दाखवली! हा धातू लवकर वितळेल असंही त्याने आधीच सांगितलं होतं. गॅलिअम सुमारे 30 अंशांना वितळतं. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात ते कपाटातल्या बाटलीतच पातळ होऊन बसेल. दुसरी जागा 1886 साली जर्मेनिअमने भरली.

मग गुणधर्म परत परत का येतात? अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचात किती इलेक्ट्रॉन आहेत, यावर ते मुख्यतः ठरतात. सोडिअमची मांडणी 2, 8, 1 आणि पोटॅशिअमची 2, 8, 8, 1. दोघांच्याही बाहेर एकच, म्हणून दोघेही पाण्याशी जोरात अभिक्रिया करतात. माझ्या विद्यार्थ्याला हवं असलेलं उत्तर एवढंच होतं. 1913 साली मोस्ले यांनी अणुअंक हा खरा पाया असल्याचं दाखवलं. आज सारणीत 118 मूलद्रव्ये, 7 आवर्त आणि 18 गण आहेत.

पालकहो, यातला एक गण तर तुमच्या घरात आहे. टूथपेस्टमध्ये फ्लोरिनचं संयुग, पाण्यात टाकायच्या टीसीएल पावडरमध्ये क्लोरिन, मिठाच्या पुडीत आयोडिन. तिघेही गण 17 चे. फ्लोरिन, क्लोरिन वायू, त्याखालचं ब्रोमिन द्रव आणि आयोडिन स्थायू. घराणं एकच, पण खाली येताना स्वभाव हळूहळू बदलतो.

पत्त्यांचं कळल्यावर एका पालकांनी विचारलं, "शाळेत पत्ते कशाला, बाई?" त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पत्ते नको वाटत असतील, तर तारखांच्या चिठ्ठ्या करा. वारांप्रमाणे महिना मांडायला द्या आणि एक तारीख लपवा. डाळी-कडधान्यं घ्या, बटणं घ्या. फक्त मांडणी मुलाला करू द्या आणि "तू असंच का ठेवलंस?" हे विचारायला विसरू नका.

पाठांतराला माझा विरोध नाही, दहावीला ते लागतंच. पण आपण मुलांना "जागा रिकामी सोडू नका, काहीतरी लिहाच" असं सांगतो, याचं मला आता वाईट वाटतं. माझ्या वर्गात "इथे काहीतरी असणार, पण मला अजून माहीत नाही" असं लिहिणाऱ्या मुलाला मी यंदापासून शेरा देते, 'छान विचार'. मग तो आणि मी मिळून त्या जागेचे शेजारी तपासतो.

तुम्हीही आपल्या वर्गात, आपल्या घरात एकदा हा डाव मांडून पाहा.