शाईला दोष देऊ नका : तेलगी प्रकरणाचा चुकलेला धडा

१/१२
अब्दुल करीम तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणाची चर्चा निघाली की एक निष्कर्ष हमखास ऐकू येतो : 'तेव्हा आजच्यासारख्या सुरक्षा शाया नव्हत्या, म्हणून हे घडले.' निष्कर्ष सोयीचा आहे, कारण शाईला साक्षीला बोलावता येत नाही. मात्र बनावटीचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

२/१२
प्रथम शाईचे श्रेय शाईला. प्रतिदीप्त शाई अदृश्य अतिनील किरण शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकते. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये या गुणधर्माचे विवेचन केले. साध्या कागदात शुभ्रता आणणारी द्रव्ये असल्याने तो अतिनील दिव्याखाली निळसर उजळतो. सुरक्षा कागद मंद राहतो आणि त्यावरील छपाई तेवढी चमकते.

३/१२
रंग पालटणाऱ्या शाईत अतिसूक्ष्म, बहुस्तरीय पापुद्रे असतात. साबणाच्या फुग्यावर दिसतो तसा त्यांचा रंग कोनानुसार बदलतो. नोव्हेंबर २००० पासून ५०० व १००० रुपयांच्या नोटांवरील अंक सरळ धरल्यास हिरवे, कलते धरल्यास निळे दिसू लागले. छायाप्रत यंत्र एकाच कोनातून पाहते. त्याला हा बदल टिपता येत नाही.

४/१२
हे सारे खरे. परंतु शाई केवळ उत्तर देऊ शकते; प्रश्न विचारणे तिच्या हाती नाही. कागद दिव्याखाली धरणारा आणि खोटा आढळल्यास तो अडवणारा माणूस नसेल, तर सर्वोत्तम शाईही मुकी ठरते. यासाठी तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

५/१२
ब्रिटन, १८४०. 'पेनी ब्लॅक' या काळ्या तिकिटावर लाल शाईचा शिक्का मारला जाई. तो पुसून तिकीट पुन्हा वापरता येई. १८४१ मध्ये तिकीट लाल आणि शिक्का काळा झाला. शाईचा हा विजय खराच. पण तो शक्य झाला, कारण प्रत्येक तिकिटावर शिक्का मारणारा एक कर्मचारी टपाल कार्यालयात बसलेला होता.

६/१२
पोर्तुगाल, १९२५. आल्व्हेस रेइस या इसमाने नोटांची नक्कल करण्याच्या फंदात न पडता बँक ऑफ पोर्तुगालच्या नावाने करारपत्रच बनावट केले. त्यावर विसंबून लंडनच्या वॉटरलो अँड सन्सने, म्हणजे बँकेच्या खऱ्या मुद्रकानेच, ५०० एस्कुदोंच्या नोटा त्याला छापून दिल्या. पहिलीच मागणी २,००,००० नोटांची होती.

७/१२
कागद अस्सल, शाई अस्सल, छपाई अस्सल. खोटा होता तो अधिकार. शाईच्या कोणत्याही चाचणीत या नोटा उत्तीर्णच झाल्या असत्या. बिंग फुटले ते डिसेंबर १९२५ मध्ये, पोर्तो शहरात नोटांचे क्रमांक पडताळले गेले तेव्हा : एकाच क्रमांकाच्या दोन-दोन नोटा निघाल्या. चोर पकडला तो नोंदवहीने.

८/१२
आता तेलगी. त्याच्याकडे मुद्रांक विक्रीचा रीतसर परवाना होता. नाशिकच्या सरकारी प्रतिभूती मुद्रणालयातून भंगारात निघालेली यंत्रे त्याने मिळवली आणि बनावट मुद्रांक बँका, विमा कंपन्या अशा घाऊक ग्राहकांपर्यंत पोहोचवले. सुरक्षा छपाईची यंत्रे वापरण्याजोग्या स्थितीत बाहेर पडतात, हा दोष कोणत्या शाईचा?

९/१२
येथे प्रतिवाद होतो : 'शाई अधिक अवघड असती, तर यंत्रे मिळूनही उपयोग झाला नसता.' हा युक्तिवाद मुद्रांकाला नोट समजण्याची गफलत करतो. नोट दिवसातून अनेक हातांतून फिरते आणि प्रत्येक हात नकळत तिची परीक्षा घेतो. मुद्रांकावर एकदा करार झाला, की तो फाइलीत जातो. वाद उद्भवेपर्यंत त्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

१०/१२
त्यातही बुडणारा महसूल शासनाचा. विक्रेत्याला पैसे मिळालेले, खरेदीदाराचे काम झालेले. संशय घेण्यात कोणाचेच हित नाही. अशा व्यवहारात अतिनील दिवा कोण लावणार? तेलगीला २००७ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने १३ वर्षांची शिक्षा सुनावली. ज्या व्यवस्थेने पडताळणीचे कामच कोणाकडे सोपवले नव्हते, तिला मात्र शिक्षा सुनावता येत नाही.

११/१२
पुढे आलेल्या ई-मुद्रांक पद्धतीने खरा धडा मुकाट्याने मान्य केला. तिचा भर शाईवर नाही. प्रत्येक प्रमाणपत्राला स्वतंत्र क्रमांक असतो आणि तो मध्यवर्ती नोंदीशी ताडून पाहता येतो. पोर्तोमध्ये जे नोंदवहीने केले, तेच काम येथे संगणकावर सोपवले गेले.

१२/१२
म्हणून गुणपत्रिका असो वा घराचे खरेदीखत, 'नवी सुरक्षा शाई' जाहीर झाली की तीन प्रश्न विचारावेत. तपासणार कोण? केव्हा? आणि ज्याच्या हाती तो कागद आहे, त्या सामान्य माणसाला ती तपासणी स्वतः करता येईल काय? आयुष्याची पुंजी घालून घर घेणारा खिशात अतिनील दिवा घेऊन फिरत नाही. त्याने तो घेऊन फिरावे, ही अपेक्षा म्हणजे पहारेकऱ्याचे काम चोरी झालेल्याच्या गळ्यात बांधणे होय.